घोट्याजवळची न दुखणारी गाठ

मी कुडाळ तालुक्यातल्या एका गावात राहते. फेब्रुवारी २०२१ मध्ये मुंबईत माझं किडनी ट्रान्सप्लांट झालं. किडनी आईची. तेव्हापासून टॅक्रोलिमस, मायकोफिनोलेट आणि प्रेडनिसोलोन या तीन गोळ्या रोज. शरीरानं नवी किडनी परकी समजून झिडकारू नये म्हणून या गोळ्या प्रतिकारशक्ती दाबून ठेवतात. ताप आला, खोकला आला, लघवीला जळजळ झाली तर लगेच कळवायचं, हे मला पाठ होतं. कातडीकडे लक्ष ठेवायचं असतं हे मात्र माझ्या डोक्यात नव्हतं. ते मला दीड वर्ष आणि पाऊण लाखाहून जास्त रुपये घालून कळलं. रिपोर्ट हातात आला त्या रात्री मी मराठीत फिओहायफोमायकोसिस या बुरशीच्या आजाराबद्दल काही सापडतं का ते शोधत बसले होते, आणि हाती काहीच लागलं नाही. म्हणून सगळं तारीखवार लिहिते आहे.

मे २०२३. पावसाळ्याची बेगमी चालू होती. जळाऊ लाकडं आली होती आणि मांगरात, म्हणजे लाकूडफाटा ठेवायच्या खोपटात, रचायची होती. मी साध्या स्लिपर घालून मदतीला गेले. उजव्या घोट्याच्या पुढे, पायाच्या वरच्या बाजूला, लाकडाचं बारीक कुसळ घुसलं. चिमटीनं उपसून काढलं, हळद लावली आणि विसरून गेले.

जूनच्या अखेरीला तिथं तुरीच्या दाण्याएवढी गाठ हाताला लागली. लाल नाही, गरम नाही. आईनं बोटानं दाबून पाहिली. "दुकता काय गो?" नाही म्हटलं. "मगे ऱ्हवांदे." आमच्याकडे दुखण्यावरच सगळं ठरतं, आणि ही दुखत नव्हती. म्हणून तीन महिने ती अंगावर काढली. पुढे मुंबईच्या त्वचारोगतज्ज्ञांनी समजावलं की दुखणं, लाली, पू ही शरीरानं चालवलेल्या लढाईची लक्षणं असतात. ज्याची प्रतिकारशक्ती गोळ्यांनी दाबून ठेवली आहे, त्याच्या शरीरात ही लढाई नीट पेटतच नाही. त्यामुळे आमच्यासारख्यांची गाठ दुखत नसेल, तर त्यात निश्चिंत होण्यासारखं काही नसतं. तोवर मला हे उलटंच वाटत होतं.

त्याच पावसाळ्यात कमरेला नायटाही उठला. दमट हवा, अर्धवट वाळलेले कपडे, घरोघरी हेच असतं. औषधाच्या दुकानातून एक ट्यूब आणली. दोन दिवसांत खाज गेली, पंधरा दिवसांनी नायटा दुप्पट झाला. त्या ट्यूबमध्ये बुरशीच्या औषधासोबत जोरकस स्टिरॉइडही होतं. स्टिरॉइडनं खाज दबते आणि बुरशीला मोकळं रान मिळतं. अशा मिश्रणाच्या ट्यूबा डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घेऊ नका. आपण तर आधीच पोटातून स्टिरॉइड घेतो.

१९ सप्टेंबरला गणपती आले. आरतीनंतर मांडी घालून बसले आणि पाय टेकवताना जाणवलं की गाठ आता सुपारीएवढी झाली आहे. चपलेचा पट्टा नेमका तिच्यावर घासत होता. गौरी-गणपती आटोपल्यावर दाखवू असं ठरलं आणि त्यात ऑक्टोबर उजाडला.

११ ऑक्टोबरला जवळच्या शहरातल्या एका खासगी दवाखान्यात गेले. डॉक्टर शांत स्वभावाचे होते. ट्रान्सप्लांटची फाइल त्यांनी पाहिली, क्रिएटिनिन, म्हणजे किडनी कशी चालते ते सांगणारा रक्तातला आकडा, विचारलं, ते १.१ होतं. चरबीची गाठ असेल, जागा बधिर करून काढून टाकू, म्हणाले. दोन दिवसांनी काढली. वीस मिनिटांचं काम, खर्च ६,००० रुपये, तपासणीचे ९०० वेगळे. गाठ त्यांनी मला दाखवली. मऊसर पिशवी होती, आत तपकिरी, दाट पू. मग ती पूर्णच्या पूर्ण फॉर्मॅलिनच्या, म्हणजे काढलेला तुकडा टिकवणाऱ्या द्रावाच्या, बाटलीत गेली. त्या क्षणी कुणाला काही वेगळं करावंसं वाटलं नाही. मलाही नाही, कारण मला माहीतच नव्हतं.

आठ दिवसांनी रिपोर्ट आला. ह्यांनी तो एसटी स्टँडवरून फोनवर वाचून दाखवला. एकेक इंग्रजी शब्द सुटा करून वाचत होते: ग्रॅन्युलोमा (सुजेच्या पेशींचा पुंजका), पडदे असलेले तपकिरी बुरशीचे तंतू, मध्ये लाकडासारखा एक सूक्ष्म तुकडा, निदान फिओहायफोमायकोसिस. मे महिन्यातलं कुसळ मी उपसून काढलं असं समजत होते. त्याचा एक कण आतच राहिला होता आणि त्याच्यासोबत बुरशी.

ह्यांनी तो लांबलचक शब्द फोनमध्ये घातला, तर "काळी बुरशी" असं काहीसं समोर आलं. माझे हातपाय गळाले. २०२१ च्या मे महिन्यात, माझ्या ट्रान्सप्लांटला जेमतेम तीन महिने झाले असताना, कोरोनानंतरच्या काळ्या बुरशीच्या बातम्या रोज येत होत्या. कुणाचा डोळा काढला, कुणाचा जबडा. तेव्हा आई मला खिडकीसुद्धा उघडू देत नव्हती. आता तिच्या कानावर तेच शब्द पडले आणि ती चुलीपुढे बसून रडली. दुसऱ्या दिवशी नणंदेनं माझा टॉवेल वेगळा ठेवायला सांगितलं. राग धरला नाही, तिच्या घरात लहान मूल आहे.

याचा उलगडा मुंबईत झाला, पण वाचणाऱ्यांपैकी कुणाच्या हातात आत्ताच असा रिपोर्ट असेल तर त्याच्यासाठी इथेच सांगते. कोरोनात गाजलेली ती म्युकरमायकोसिस. तिच्यात बुरशी स्वतः काळी नसते. ती रक्तवाहिन्यांत शिरून त्या बंद करते, मग तिथलं मांस मरतं आणि ते काळं पडतं. माझ्या पायातली बुरशी खरोखर गडद रंगाची, कारण तिच्या भिंतीत मेलॅनिन असतं. आपल्या केसांना आणि कातडीला रंग देणारं द्रव्यही त्याच गटातलं. पण ही बुरशी बहुधा सावकाश, महिनोन्‌महिने वाढते आणि काट्याकुसळातून आत शिरली तिथेच बऱ्याचदा गाठ करून बसते. प्रतिकारशक्ती कमी असलेल्यांत ती क्वचित पुढे पसरू शकते, म्हणून छाती वगैरे तपासतात. एका माणसाकडून दुसऱ्याला ती लागत नाही. हे वाक्य मी डॉक्टरांकडून कागदावर लिहून घेतलं आणि घरी आल्यावर नणंदेला दाखवलं. टॉवेल पुन्हा एकाच दोरीवर आले.

टाके निघाले, जखम छान भरली. "गाठ निघाली, संपला विषय," असं तिथे सांगितलं गेलं. ट्रान्सप्लांटच्या डॉक्टरांना रिपोर्ट पाठवा, असं मनात येत होतं, पण दिवाळी तोंडावर होती आणि पुन्हा मुंबईची धावाधाव नको वाटत होती. तो कागद तेव्हाच फोटो काढून पाठवायला हवा होता. डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात व्रणाच्या शेजारी दोन नव्या गाठी आल्या, लहान पण कडक. त्या रात्री मी ट्रान्सप्लांट कोऑर्डिनेटरना सगळं पाठवलं. सकाळी सात वाजता त्यांचा फोन आला: कशालाही हात लावू देऊ नका, इकडे या, आणि येताना पहिल्या गाठीच्या स्लाइड आणि ब्लॉक घेऊन या.

ब्लॉक म्हणजे काय हे आम्हाला ठाऊक नव्हतं. काढलेला तुकडा मेणात बसवून लॅब जपून ठेवते. छोट्या प्लास्टिकच्या जाळीवर मेणाचा चौकोन असतो, तो ब्लॉक. तो आपल्याला मागता येतो, पण आम्हाला तोंडी मागून मिळाला नाही. ह्यांना तीन खेपा पडल्या. पहिल्या खेपेला अर्ज हवा म्हणाले, दुसऱ्या खेपेला माझी सही आणि आधारची प्रत हवी म्हणाले, तिसऱ्या खेपेला ३०० रुपये भरून वस्तू मिळाली. तुम्ही जाल तेव्हा पेशंटच्या सहीचा अर्ज, आधारची प्रत, रिपोर्टची प्रत आणि त्यावरचा बायोप्सी क्रमांक एकदमच न्या. ब्लॉक उन्हात किंवा बंद गाडीत ठेवू नका, मेण आहे ते. आम्ही पापडाच्या डब्यात कापूस घालून नेला.

रेल्वेचं एक सांगून ठेवते. डायलिसिसच्या काळात किडनीच्या रुग्णांची सवलत आम्ही वापरली होती, रुग्ण आणि सोबत एक जण. पण ती सवलत ट्रान्सप्लांटची शस्त्रक्रिया किंवा डायलिसिससाठीच्या प्रवासाला आहे. गाठीसाठी जाताना तिचा उपयोग नव्हता, पूर्ण तिकीट काढलं. तुतारी एक्सप्रेसनं दादर, तिथून डोंबिवलीला मावसबहिणीकडे.

मंगळवार, १६ जानेवारी २०२४. केसपेपर, टोकन, साडेतीन तास बाकावर. त्वचारोगतज्ज्ञ मॅडमनी गाठीआधी मला डोक्यापासून पायापर्यंत तपासलं. नखं, बोटांच्या बेचक्या, काखा, कमरेचा नायटासुद्धा. मग सुईनं गाठीतलं थोडं पाणी काढून काचेवर घेतलं, त्यावर केओएच या रसायनाचा थेंब टाकला आणि मला म्हणाल्या, "या, बघा." मी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. फिकट पिवळट पार्श्वभूमीवर सोन्यासारख्या तपकिरी रंगाच्या गाठीगाठींच्या काड्या होत्या, बारीक मण्यांची माळ तुटून पसरावी तशा. सात महिने माझ्या पायात हे होतं. भीती वाटायला हवी होती, पण उलट जरा धीर आला. शत्रूचं तोंड दिसलं.

दोन दिवसांत पायाची सोनोग्राफी (१,४००) आणि छातीचा सीटी स्कॅन (३,८००) झाला. बुरशी फुफ्फुसात नव्हती. शुक्रवारी, १९ तारखेला शस्त्रक्रिया. आधीच्या रात्री मॅडमनी आम्हाला एक गोष्ट दोनदा बजावली होती, आणि या सगळ्या लिखाणातलं एकच लक्षात ठेवायचं असेल तर ते हेच ठेवा: काढलेल्या गाठीचे दोन भाग करायचे. एक फॉर्मॅलिनमध्ये, सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्यासाठी. दुसरा नॉर्मल सलाईनमध्ये, कल्चरसाठी, म्हणजे लॅबमध्ये बशीत बुरशी उगवून पाहण्यासाठी. फॉर्मॅलिननं बुरशी मरते. मेलेली बुरशी बशीत उगवत नाही, आणि उगवली नाही तर ती नेमकी कोणती हे कळणं अवघड होतं. ऑक्टोबरमध्ये आमचं हेच हातचं गेलं होतं.

मी ऑपरेशन टेबलवर जाताना सर्जनना पुन्हा सांगितलं, तेव्हा ते म्हणाले, "ताई, दोन बाटल्या तयार आहेत, ह्या बघा." सलाईनची बाटली ह्यांनी स्वतः तिसऱ्या मजल्यावरच्या मायक्रोबायोलॉजीत नेली. चिठ्ठीवर तीन गोष्टी लिहून घेतल्या होत्या: ट्रान्सप्लांट पेशंट, बुरशीसाठी कल्चर, चार आठवडे ठेवावे. साध्या जंतूंचं कल्चर दोन-तीन दिवसांत संपतं. ही बुरशी त्याहून फार सावकाश उगवते, आणि चिठ्ठीवर लिहिलं नाही तर बशी आधीच फेकली जाण्याचा धोका असतो. शस्त्रक्रियेचे १८,५००, कल्चरचे १,३००, हिस्टोपॅथॉलॉजीचे (तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्याचे) १,५००. आरोग्यविमा नाही, सगळं खिशातून.

२० जानेवारीपासून इट्राकोनॅझोल हे बुरशीचं औषध सुरू झालं, रोज २०० मिलिग्रॅम, म्हणजे शंभरच्या दोन कॅप्सूल. आणि इथून खरं अवघड प्रकरण सुरू झालं.

टॅक्रोलिमस ज्या एन्झाइमच्या मदतीनं यकृतात आणि आतड्यात निकाली निघतं, त्यालाच इट्राकोनॅझोल अडवून धरतं. त्यामुळे तीच गोळी, तेवढीच घेतली, तरी रक्तातलं प्रमाण कितीतरी वाढतं, आणि जास्त झालेलं टॅक्रोलिमस किडनीलाच इजा करतं. म्हणून नेफ्रॉलॉजिस्टनी, म्हणजे किडनीच्या डॉक्टरांनी, पहिल्याच दिवशी माझा टॅक्रोलिमसचा डोस दीड मिलिग्रॅम दोन वेळा होता तो पाऊण मिलिग्रॅम दोन वेळा केला. तरीही २५ तारखेला, सहाव्या दिवशी, टॅक्रोलिमसची रक्तातली लेव्हल १३.८ आली. माझी नेहमीची सहाच्या आसपास असते. चहाचा कप धरताना हात थरथरत होता, क्रिएटिनिन १.५ झालं होतं. आईची किडनी आहे ही. त्या रात्री मला झोप आली नाही. डोस आणखी खाली, अर्धा मिलिग्रॅम दोन वेळा. फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात लेव्हल ७.२, क्रिएटिनिन १.२. तेव्हा कुठे जीवात जीव आला.

हे वाचून कुणी घाबरून बुरशीचं औषध टाळू नये. दोन्ही डॉक्टर एकमेकांशी बोलत असतील आणि रक्त वेळच्या वेळी तपासलं जात असेल तर हे सांभाळता येतं. मात्र त्वचेच्या डॉक्टरांनी लिहिलेली बुरशीची गोळी ट्रान्सप्लांटच्या डॉक्टरांना न विचारता एक दिवसही सुरू करू नका. सोबतच्या सगळ्या गोळ्या दाखवा. माझी बीपीची अॅम्लोडिपिनही याच कारणानं जास्त चढून पाय सुजले होते, तीही कमी करावी लागली. कोलेस्टेरॉलची गोळी सहा महिने बंद ठेवली.

परसातलं पपनसही बंद. ग्रेपफ्रूटच्या कुळातलं हे फळ टॅक्रोलिमसचं प्रमाण वाढवू शकतं. ट्रान्सप्लांटवाल्यांनी ते एरवीही खायचं नसतं, पण इंग्रजी यादीत ग्रेपफ्रूट वाचून आपल्या दारातल्या पपनसाची आठवण कुणाला होते?

कॅप्सूल भरल्या पोटी घ्यायच्या, कारण पोटात आम्ल असेल तर त्या नीट शोषल्या जातात. मी स्टिरॉइडसोबत सकाळी पँटोप्राझोल घेत होते, जे आम्लच कमी करतं. डॉक्टरांनी ते थांबवलं आणि पोट दुखलं तर कळवा म्हणाले. दुपारी भात-आमटी पोटभर जेवून मधेच कॅप्सूल, असा नेम ठेवला. आणखी एक सूचना मिळाली होती: कंपनी बदलायची नाही. या कॅप्सूलच्या आत बारीक दाणे असतात आणि त्यांचा दर्जा कंपनीगणिक वेगळा असू शकतो. कुडाळला तीच कंपनी नेहमी मिळेना, म्हणून दुकानदाराला महिनाभर आधी सांगून ठेवत होते. महिन्याला साधारण १,०८० रुपये.

२७ जानेवारीला गावी परतलो. १२ फेब्रुवारीला, चोविसाव्या दिवशी, कल्चरचा निकाल आला: एक्सोफियाला. मातीत आणि कुजक्या लाकडात राहणारी. बशीचा फोटो कोऑर्डिनेटरनी पाठवला. सुरुवातीला डांबराच्या थेंबासारखी ओलसर काळी, मग वरून मखमलीसारखी. उपचार योग्य दिशेनं चाललेत एवढं पक्कं झालं.

मग सुरू झाली रक्ताची फेरी. टॅक्रोलिमसची तपासणी कुडाळला होत नाही, रक्त घेऊन मुंबईला पाठवतात. सकाळची गोळी घेण्याआधी, रात्रीच्या गोळीला बारा तास झाल्यावरच रक्त द्यायचं. लॅब साडेआठला उघडायची आणि माझी गोळी आठची, म्हणून डॉक्टरांना विचारून दोन्ही गोळ्यांची वेळ नऊ केली. नमुन्यांची गाडी अकराला निघते, रविवारी नाही. शनिवारी दिलेलं रक्त पडून राहतं, म्हणून मी सोमवार ते गुरुवारच जायची. गोळी डबीत घालून सोबत नेत असे, रक्त दिलं की तिथेच पाण्यासोबत घ्यायची. एका वेळचे २,२००, आणि क्रिएटिनिन-लिव्हरचे ६५०. सहा महिन्यांत आणि नंतर मिळून अशा नऊ तपासण्या झाल्या.

एप्रिलमध्ये व्रण मऊ झाला. कमरेचा नायटा कधी गेला ते कळलंही नाही. जूनमध्ये मुंबईला सोनोग्राफी करून आले, तिथे काहीही उरलं नव्हतं. तरी सहा महिने पूर्ण करायचे होते. गाठ दिसत नाही म्हणून औषध सोडायचा मोह तेव्हा फार झाला, कारण तोंडाला चव नव्हती आणि खर्च अंगावर येत होता. ह्यांनी कॅलेंडरवर रोज फुली मारली.

२० जुलै २०२४ ला शेवटच्या दोन कॅप्सूल. आता उलटा धोका. अडवणारं औषध गेलं की टॅक्रोलिमस पुन्हा झपाट्यानं निकाली निघायला लागतं, लेव्हल पडते आणि शरीर किडनी झिडकारू शकतं. हे एकदम होत नाही, इट्राकोनॅझोल थांबवल्यावरही काही दिवस अंगात राहतं, आणि त्यामुळेच विसरायला होतं. सातव्या दिवशी लेव्हल ५.४ होती, चौदाव्या दिवशी ३.९. फोनवर डोस वाढवला, एक मिलिग्रॅम, मग पुन्हा दीड. औषध सुरू करतानाच थांबवल्यानंतरच्या दोन तपासण्यांच्या तारखा फाइलवर लिहून घ्या.

सगळा खर्च, प्रवास धरून, ७७ ते ७८ हजार झाला. ७ सप्टेंबरला गणपती आले तेव्हा क्रिएटिनिन १.१ होतं. गणपतीवर टांगलेल्या माटवीच्या चौकटीला आईनं पपनस बांधलं, पण विसर्जनानंतर ते शेजारी देऊन टाकलं.

आता रोज रात्री हे टॉर्च धरतात आणि मी दोन्ही पाय, बेचक्या, नखं बघते. दोन मिनिटं लागतात. मागीलदारी जायचं तरी गमबूट. जानेवारी २०२५ च्या तपासणीतही पाय स्वच्छ होता.

मे महिन्यात लाकडांचा टेम्पो आला. मी सवयीनं मांगराकडे निघाले, तर आई आतून ओरडली, "भितुर येव नको, थयसूनच मोज." मी ओसरीवर बसून मोजले. सत्तावीस भारे.